बहीण-भाऊ दोघंही फुल मॅच, तरी डोनर म्हणून भाऊच का? (बोन मॅरो ट्रान्सप्लांट)

चिंचगूळ
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या दिरांना (वय ४१) एएमएल, म्हणजे एक प्रकारचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) निघाला. केमो झाली, आता रेमिशन आहे (तपासणीत आजार दिसत नाही) आणि डॉक्टरांनी बीएमटी सांगितलंय. घरात सगळ्यांचं एचएलए टायपिंग (डोनर जुळतो का ते बघायची तपासणी) केलं. आमच्या वन्सं (वय ५२, दोन मुलगे) आणि माझा नवरा (वय ४५) दोघंही फुल मॅच निघाले. एका भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक असते म्हणे, आमच्याकडे दोन! पेढे वाटायचेच बाकी होते.

डॉक्टरांनी नवऱ्याला निवडलं. वन्सं पहिल्या दिवसापासून तयार होत्या, रजा टाकून बसल्या होत्या. आता त्या रुसल्यात. "मी बाई म्हणून माझं रक्त कमी दर्जाचं का?" असा त्यांचा सवाल आहे. डॉक्टर एवढंच म्हणाले की डोनरच्या लिंफोसाईट्सचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) विचार करावा लागतो. ओपीडीत मागे चाळीस माणसं, पुढे विचारायला जीभ रेटली नाही.

दोन शंका आहेत. फुल मॅच असेल तर फरक कशाचा? आणि वॉर्डातले एक ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, "थोडं जीव्हीएचडी झालं तर वाईट नाही." आजार झालेला चांगला कसा?

सल्ला मागत नाहीये, समजून घ्यायचंय. वन्संना समजावायचंय हे जास्त खरं.

सूक्ष्मदर्शी
मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, बरीच वर्षं रक्तपेढीत काढली. पेशंटचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. निवडीमागचा विचार मात्र सांगू शकतो.

जी पिशवी पेशंटला चढवतात तिला आपण "स्टेम सेल" म्हणतो, पण त्यात स्टेम सेल अगदी थोड्या. त्यांच्याबरोबर डोनरच्या तयार लिंफोसाईट्स कोट्यवधींनी जातात आणि त्यांतल्या बऱ्याचशा टी-पेशी असतात. परकं ओळखायचं आणि मारायचं हे टी-पेशींचं काम. नव्या शरीरात गेल्यावर त्यांच्या दृष्टीनं पेशंटच परका. मग कातडी, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला होतो. हेच जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज.

आता फुल मॅचचं. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. भावंडांत ती जुळली म्हणजे सहाव्या गुणसूत्राचा तेवढा भाग दोघांना आईबापांकडून सारखा आला. उरलेली गुणसूत्रं प्रत्येक भावंडात वेगवेगळी वाटली गेलेली असतात. एचएलएचे रेणू पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर धरून दाखवतात. रेणू तेच असले तरी तुकडे वेगळे असू शकतात आणि टी-पेशींना एवढा फरक पुरतो. म्हणूनच सख्ख्या भावंडाचा फुल मॅच असूनही ढोबळमानाने ३० ते ४० टक्के पेशंटना औषध द्यावं लागेल इतकं अक्यूट (सुरुवातीच्या काळातलं) जीव्हीएचडी पूर्वापार होत आलंय.

या तुकड्यांत सर्वांत जास्त अभ्यासलेले आहेत वाय गुणसूत्रावरचे. स्त्रीच्या शरीरात वाय नसतं, त्यामुळे तिच्या टी-पेशींना ही प्रथिनं आपली म्हणून कधी शिकवलेलीच नसतात. त्यात मुलगे झाले असतील तर गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येऊन गेलेल्या असतात आणि तिच्या टी-पेशींची या प्रथिनांशी गाठ आधीच पडलेली असू शकते. बाई डोनर आणि पुरुष पेशंट या जोडीत, विशेषतः डोनरला मुलं झालेली असतील तर, क्रॉनिक (पुढे दीर्घकाळ रेंगाळणारं) जीव्हीएचडी जास्त होतं हे जगभर अनेकदा दिसलंय. त्यावर डोनरचं वय. तरुण डोनर शक्यतो बरा.

दर्जाबिर्जाचा काही संबंध नाही. पेशंट दीर नसून धाकटी नणंद असती तर हा वायचा मुद्दा उभाच राहिला नसता. आणि एकट्या वन्संच जुळल्या असत्या तर डॉक्टरांनी त्यांनाच घेतलं असतं.

मिरजेची_आक्का
चिंचगूळ, हे जस्संच्या तस्सं वन्संना वाचून दाखव गं. आणि म्हणावं, टेबलावर झोपायचं नसलं तरी पुढचे सहा महिने डबा, औषधं, दवाखान्याच्या खेपा हे सगळं कुणी करायचं? आमच्याकडे डोनर दोन दिवसांत मोकळा झाला, बाकीचे आम्ही वर्षभर राबत होतो.

पावभाजी_विदाऊट_बटर
म्हणजे भाडेकरू आणला आणि तोच घरमालकाला बाहेर काढतोय.

पण सूक्ष्मदर्शी सर, इंजिनिअरचा भाबडा प्रश्न. त्रास टी-पेशींचा असेल तर चढवायच्या आधी पिशवीतून गाळून टाका की! स्टेम सेल ठेवा, बाकी फेका.

सूक्ष्मदर्शी
पावभाजी, भाबडा अजिबात नाही. १९८०च्या दशकात नेमकं हेच केलं गेलं. टी-पेशी काढून टाकल्या. जीव्हीएचडी झपाट्यानं कमी झालं. आणि मग दोन गोष्टी घडल्या ज्यांनी सगळ्यांची झोप उडवली. एक, मॅरो धरेना, कारण पेशंटची उरलीसुरली प्रतिकारशक्ती डोनरच्या स्टेम सेल हाकलून लावायला लागली आणि तिला दाबायला डोनरच्या टी-पेशी नव्हत्या. दोन, ल्युकेमिया परत यायला लागला. सीएमएल या सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियात तर फारच. जीव्हीएचडीनं मरणारे कमी झाले, आजार उलटून मरणारे वाढले, बेरीज जवळपास तिथंच.

१९९०मध्ये आंतरराष्ट्रीय नोंदणीतल्या २,२५४ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळे भावंडांकडून ट्रान्सप्लांट झालेले. ज्यांना अक्यूट आणि क्रॉनिक दोन्ही जीव्हीएचडी झालं त्यांच्यात ल्युकेमिया सर्वांत कमी उलटला. टी-पेशी काढलेल्यांत जास्त उलटला. सर्वांत बोलकी गोष्ट एकसारख्या जुळ्यांची. जुळा भाऊ डोनर असेल तर याहून चांगला मॅच असूच शकत नाही, जीव्हीएचडीचा प्रश्नच जवळपास मिटतो. तरीही जुळ्यांत आजार परत यायचं प्रमाण जास्त होतं.

यातून निघालं ते असं की बीएमटीत ल्युकेमिया फक्त केमोनं आणि रेडिएशननं मरत नाही. उरलेल्या पेशी डोनरच्या टी-पेशी वेचून मारतात. याला ग्राफ्ट-व्हर्सस-ल्युकेमिया, म्हणजे जीव्हीएल म्हणतात. ज्युनिअर डॉक्टरच्या बोलण्याचा अर्थ हा.

कल्पना तशी जुनी. इंग्लंडमध्ये हारवेलला १९५६ साली ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर रेडिएशन देऊन परका मॅरो घालून पाहिला होता. काही उंदीर ल्युकेमियातून सुटले आणि दुसऱ्याच एका खंगवणाऱ्या आजारानं मेले. पुढची सत्तर वर्षं आम्ही त्याच पेचात आहोत. माणसांत ट्रान्सप्लांट रुळवणारे डॉनल थॉमस यांना १९९०चं नोबेल मिळालं. भारतात टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली नऊ वर्षांच्या ल्युकेमियाच्या मुलीचं ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे आपल्याकडेही हा विषय कालचा नाही.

चिंचगूळ
सर, हा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. म्हणजे नवऱ्याच्या पेशी दिरांच्या अंगात जाऊन पुढे कित्येक वर्षं ल्युकेमियावर लक्ष ठेवून असणार? आम्हाला वाटत होतं की डोनरचं काम म्हणजे रक्त बनवणारा कारखाना नवा बसवणं, बस.

सूक्ष्मदर्शी
कारखाना हा अर्धा भाग. एएमएलसाठी कदाचित छोटा अर्धा. याचा थेट पुरावा हवा असेल तर म्युनिकच्या कोल्ब यांचं काम पाहा. ट्रान्सप्लांटनंतर सीएमएल परत आलेल्या तीन पेशंटना त्यांनी त्याच डोनरच्या नुसत्या पांढऱ्या पेशी दिल्या, सोबत इंटरफेरॉन. नवी जोरदार केमो नाही, रेडिएशन नाही. तिघांचाही ल्युकेमिया गेला. हे १९९०मध्ये छापून आलं. आता याला डीएलआय म्हणतात, डोनर लिंफोसाईट इन्फ्युजन. १९९५ साली युरोपभरातल्या १३५ पेशंटची माहिती एकत्र केली तेव्हा सीएमएलमध्ये सुमारे ७३ टक्के रेमिशन दिसलं, एएमएलमध्ये २९ टक्के आणि एएलएलमध्ये (लिंफोसाईट्सच्या ल्युकेमियात) जवळजवळ काहीच नाही. एएमएल भरभर वाढतो आणि टी-पेशींना काम करायला आठवडे-महिने लागतात, हे त्यामागचं एक कारण. म्हणून आज केंद्रं आजार पूर्ण उलटायची वाट बघत नाहीत. चायमेरिझम तपासतात, म्हणजे रक्तात डोनरच्या पेशी किती टक्के हे डीएनएवरून पाहतात. तो आकडा घसरायला लागला की आधी सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करतात, मग गरज पडली तर डीएलआय, तोही थोड्या पेशींपासून वाढवत वाढवत.

गोदाकाठ
धागा वाचून अस्वस्थ झालो, म्हणून लिहितोय. आमच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर (सतत रक्त चढवावं लागणारा जन्मजात आजार) होता. लहान भाऊ डोनर. ट्रान्सप्लांटच्या आधी समुपदेशनात आम्हाला कुणीही "थोडं जीव्हीएचडी बरं" असं म्हटलं नाही, उलट ते होऊच नये म्हणून पेरिफेरलऐवजी (म्हणजे शिरेतल्या रक्तातून पेशी घेण्याऐवजी) भावाच्या कमरेच्या हाडातून मॅरो काढला. आता हे वाचून वाटतंय, आमचं काही राहून गेलं की काय?

सूक्ष्मदर्शी
गोदाकाठ, काहीही राहिलेलं नाही, तुमच्या डॉक्टरांनी उत्तम केलं. थॅलेसेमियात मारायला कॅन्सरच्या पेशी नाहीत. तिथे जीव्हीएचडी म्हणजे निव्वळ नुकसान, बदल्यात काही मिळत नाही. अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचंही (मॅरो रक्त बनवेनासा होतो तो आजार) तेच. म्हणून या आजारांत मॅरो बरा. पेरिफेरल रक्तातून काढलेल्या पिशवीत टी-पेशी मॅरोपेक्षा दसपटीच्या आसपास जास्त असतात.

थॅलेसेमियात अजून एक सूट मिळते. डोनरच्या पेशी शंभर टक्के नसल्या, समजा ३० टक्केच टिकल्या आणि तिथे स्थिर राहिल्या, तरी मूल बाहेरचं रक्त न चढवता राहू शकतं, कारण डोनरच्या लाल पेशी जास्त टिकतात. ल्युकेमियात घसरता चायमेरिझम म्हणजे धोक्याची घंटा. त्यामुळे "बीएमटीत जीव्हीएचडी चांगलं की वाईट" हा प्रश्न आजाराचं नाव घेतल्याशिवाय विचारूच नये. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थॅलेसेमियाचे पालक आणि ल्युकेमियाचे नातेवाईक एकमेकांना सल्ले देतात तेव्हा मला धडकी भरते ती यामुळेच.

रत्नांग्रीकर
मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. एएमएल, बहीण डोनर, हो, बहीणच, दुसरं कुणी जुळलं नव्हतं. ल्युकेमिया परत आलेला नाही. पण डोळे इतके कोरडे की फॅन लावला तर थेंब घातल्याशिवाय बसता येत नाही. तोंडात तिखट जात नाही. रत्नागिरीत राहून माशाचं कालवण गोड्या वरणासारखं करून खातोय, याहून मोठी शिक्षा नाही. हाताची कातडी आखडली होती, ती रुक्सोलिटिनिब या औषधावर सैल झाली. स्टिरॉइडनं साखर वाढली ती वेगळीच.

माझे डॉक्टर एकदा म्हणाले, "तुमचं जीव्हीएचडी आहे म्हणून तुम्ही आहात." बरोबर असेल. पण "थोडं झालं तर बरं" हे वाक्य पेशंटसमोर फार सहज टाकलं जातं. थोडं म्हणजे किती हे आधी कुणालाच सांगता येत नाही. माझ्याच बॅचच्या एकाला फुफ्फुसात झालं. त्याच्याबद्दल लिहीत नाही.

चिंचगूळ, घाबरवायचं नाहीये. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधीच एकदा दाखवून ठेवा, दात तपासून घ्या. आणि ट्रान्सप्लांटनंतर बाळाच्या लसी पुन्हा सुरू होतात, ते ऐकून हसू नका. मला पोलिओचं इंजेक्शन घेताना नर्सनं चॉकलेट दिलं होतं.

मिरजेची_आक्का
कालवणाचं वाचून खरंच वाईट वाटलं भाऊ. :(

पावभाजी_विदाऊट_बटर
रत्नांग्रीकर, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्यामुळे पुढचा प्रश्न सुचला. जीव्हीएल आणि जीव्हीएचडी वेगळे काढता येत नाहीत का? ज्या टी-पेशी ल्युकेमिया मारतात तेवढ्या ठेवा, डोळे-कातडी खाणाऱ्या काढा. आणि हाप्लोबद्दल पण सांगा सर. अर्धाच मॅच असताना आईबाप डोनर कसे चालतात? वरच्या हिशोबानं तर टी-पेशींनी पेशंटला उभाच राहू देऊ नये.

सूक्ष्मदर्शी
रत्नांग्रीकरांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. १९९०च्या आकड्यांचा अर्थ "जीव्हीएचडी हवं" असा काढणं हा आळस आहे. त्याच अभ्यासात जीव्हीएचडी झालंच नाही अशांच्यातही, भावंडांच्या टी-पेशी मिळालेल्यांत आणि टी-पेशी काढलेल्यांत फरक होता. म्हणजे टी-पेशी वरून काही त्रास न दाखवताही आपलं काम करतात.

हाप्लोबद्दल. अर्ध्या मॅचमध्ये परकेपणा ओळखणाऱ्या टी-पेशी खूप असतात आणि पिशवी चढवल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्या वेगानं विभागायला लागतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या मंडळींनी याचाच फायदा घेतला. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइडचा मोठा डोस द्यायचा. हे औषध जोरात विभागणाऱ्या पेशींना मारतं, म्हणजे नेमक्या चिडलेल्या टी-पेशी. स्टेम सेल वाचतात, कारण त्यांच्यात हे औषध निष्प्रभ करणारं एन्झाइम भरपूर असतं. जंतूंविरुद्धच्या, शांत बसलेल्या टी-पेशीही बऱ्याच वाचतात. औषध जुनं आणि स्वस्त. आपल्यासारख्या देशात, जिथे कुटुंबं लहान झाली आणि नोंदणीतला परका डोनर खर्चाच्या बाहेर जातो, तिथे या एका युक्तीनं किती दारं उघडली ते वॉर्डात काम करणाऱ्यांना विचारा.

आता तर ही युक्ती फुल मॅचमध्येही वापरतात. २०२३मध्ये ४३१ पेशंटची अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली, सगळ्यांना तुलनेनं सौम्य केमो दिलेली. वर्षाअखेर गंभीर जीव्हीएचडी नाही आणि आजारही उलटलेला नाही असे पेशंट सायक्लोफॉस्फमाइडच्या गटात ५२.७ टक्के होते, नेहमीच्या औषधांच्या गटात ३४.९ टक्के. आजार उलटायचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. जीव्हीएचडी कमी केलं की ल्युकेमिया परत येणारच, हे समीकरण आम्ही समजत होतो तितकं घट्ट नाही.

ल्युकेमियाही स्वस्थ बसत नाही. हाप्लोनंतर उलटलेल्या काही पेशंटमध्ये ल्युकेमियाच्या पेशींनी सहाव्या गुणसूत्राचा न जुळणारा भागच गमावलेला सापडला. मिलानच्या गटानं २००९मध्ये हे दाखवलं. ज्या खुणेवर डोनरच्या टी-पेशी नेम धरत होत्या ती खूणच नाहीशी. मग त्याच डोनरच्या डीएलआयचा उपयोग होत नाही, दुसरा डोनर पाहावा लागतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चहा करायला उठलो होतो.

सगळं श्रेय टी-पेशींनाही नाही. एनके (नॅचरल किलर) या दुसऱ्या मारेकरी पेशींची रीत उलटी. समोरच्या पेशीवर स्वतःचा एचएलए दिसला तर त्या गप्प राहतात, दिसला नाही तर मारतात. इटलीतल्या पेरुजियाच्या गटानं २००२मध्ये दाखवलं की टी-पेशी गाळून केलेल्या हाप्लोत, डोनरच्या एनके पेशींना पेशंटमध्ये आपली खूण सापडत नसेल, तर एएमएल कमी उलटतो आणि जीव्हीएचडीही वाढत नाही. नंतर इतर ठिकाणी हे नेहमी असंच उतरलं नाही, त्यामुळे डोनर निवडताना मी यावर भर देणार नाही. पण कुतूहल म्हणून लाजवाब.

चिंचगूळ
वन्संना काल रात्री फोनवर सगळं वाचून दाखवलं. वायचा भाग ऐकून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पेशी जास्त कडक आहेत असंच ना?" मी हो म्हटलं. अर्धा रुसवा गेला.

आता कामाचं. नवऱ्याचं कलेक्शन पुढच्या आठवड्यात. डॉक्टर पेरिफेरल म्हणतायत. गोदाकाठांच्या अनुभवावरून मॅरोचा आग्रह धरावा का? आणि वन्संना, मुलांना दिरांसाठी रक्त आणि प्लेटलेट द्यायच्यात, चालेल ना? रक्तपेढीवाले बदली डोनर मागतायत.

सूक्ष्मदर्शी
पेरिफेरल की मॅरो, यावर मोठी चाचणी झाली ती नात्याबाहेरच्या डोनरवर, २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. जगण्यात फरक नव्हता. क्रॉनिक जीव्हीएचडी पेरिफेरलमध्ये ५३ टक्के, मॅरोत ४१. पण मॅरो न धरण्याचं प्रमाण मॅरोत ९ टक्के आणि पेरिफेरलमध्ये ३. भावंडांसाठी हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. एएमएलमध्ये, विशेषतः केमो सौम्य ठेवणार असतील तर, बहुतेक केंद्रं पेरिफेरलच घेतात, कारण तिथे बरंचसं काम डोनरच्या पेशींवरच सोपवलेलं असतं. आग्रह धरू नका, "पेरिफेरल का?" एवढं विचारा. सोबत हेही विचारा की त्याच कलेक्शनमधल्या जास्तीच्या पेशी पुढच्या डीएलआयसाठी गोठवून ठेवणार का. काही केंद्रं ठेवतात.

रक्ताचं मात्र नीट ऐका. वन्संनी आणि मुलांनी रक्तपेढीत बदली रक्त खुशाल द्यावं, ते दुसऱ्या कुणाला जाऊ दे. दिरांना नात्यातलं रक्त नको. त्यातल्या लिंफोसाईट्स अर्धवट जुळतात, शरीर त्यांना परकं म्हणून हाकलत नाही आणि त्या तिथेच रुजून हल्ला करतात. यात मॅरोही मरतो, कारण तो पेशंटचा स्वतःचा असतो, आणि असं झालेला पेशंट क्वचितच वाचतो. शिवाय ट्रान्सप्लांटआधी डोनरच्या घरातलं रक्त दिलं तर पेशंटचं शरीर त्याविरुद्ध तयार होऊन मॅरो नाकारायचा धोका वाढतो.

आणि कुणाचंही असो, लाल पेशी आणि प्लेटलेटच्या पिशवीवर "इरॅडिएटेड" लिहिलेलं हवं. २५ ग्रे किरणं दिली की लिंफोसाईट्स विभागू शकत नाहीत. नुसता ल्युकोरिडक्शन (पांढऱ्या पेशी गाळणारा) फिल्टर पुरेसा नाही. ऐनवेळी दुसऱ्या हॉस्पिटलात ताप आला म्हणून भरती व्हावं लागलं तर तिथल्या ड्यूटी डॉक्टरला हे माहीत असेलच असं नाही. दिरांच्या फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: फक्त इरॅडिएटेड रक्त.

गोदाकाठ
+१. आम्ही याचं कार्ड लॅमिनेट करून मुलीच्या दप्तरात ठेवलं होतं. चिंचगूळ, हवं असेल तर मजकूर तुमच्या विपुत (विचारपुशीत) टाकतो.